येणार, येणार म्हणून किती दिवस भाव द्यायचा?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात सध्या "गावात बांधायचं, नसरापूरला प्लॉट घ्यायचा, का धायरीत फ्लॅट" हा वाद चाललाय त्यांनी वेळ काढून वाचा. उत्रोलीत आणि भोरच्या आसपास हा वाद नसलेलं घर शोधूनच काढावं लागेल. पोरगा शिरवळला नाहीतर पुण्यात कामाला, गावात थोडंफार शेत, आईबापांनी साठवलेले काही लाख आणि वर बँकेचं कर्ज. हे पैसे एकदाच टाकायचे आहेत. चुकले तर दुसऱ्यांदा टाकायला नाहीत.

आणि नेमकं ह्याच वेळी मोबाईलवर जाहिराती येऊन आदळतात. "रिंगरोड टच". "एमआयडीसीपासून पाच मिनिटं". "विमानतळ झाल्यावर दुप्पट". प्रत्येक जाहिरातीत एक शब्द कायम असतो, "प्रस्तावित". माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या प्रस्तावित शब्दाचे पैसे आज मोजू नका. जे जमिनीवर उभं आहे त्याचेच द्या.

सुरुवात घरापासून करू. उत्रोलीची एमआयडीसी. आपल्याकडं ती जमिनीवर कमी आणि निवडणुकीच्या भाषणात जास्त दिसते. वर्षानुवर्षं "येणार". मधल्या काळात पोरांनी शिरवळच्या कंपन्यांच्या बसा पकडल्या, नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात जाऊन नोकऱ्या धरल्या, काहींची लग्नं झाली, त्यांची पोरं शाळेत गेली. पण "एमआयडीसी आली की इथं सोन्याचा भाव" हे वाक्य काही जुनं झालं नाही. त्या वाक्यावर जमिनी विकल्या जातात, अजूनही.

एमआयडीसी यावी की नाही हा वेगळा विषय. तरुणांना इथंच काम मिळालं पाहिजे, त्यावर दुमत नाही. पण प्लॉट घेणाऱ्यानं कायदा कसा चालतो ते समजून घ्यावं. १९६१ चा महाराष्ट्र औद्योगिक विकास कायदा आहे. त्यातलं सहावं प्रकरण एखाद्या क्षेत्राला लागू केलं की तिथल्या जमिनी संपादनाच्या वाटेवर जातात. मग कलम ३२ च्या नोटिसा, हरकती, सुनावणी, मोजणी, दर ठरवणं. ह्यात किती वर्षं जातील ते कुणी लिहून देत नाही. तोवर सातबाऱ्यावर शेरा बसला तर विकताना अडतं, कर्ज काढताना अडतं, भावाभावांत वाटप करतानाही अडतं.

आणि खरी गंमत हद्दीची आहे. रेषेच्या आत तुमची जमीन आली तर ती संपादनात गेली, घर बांधायचा प्रश्नच मिटला. रेषेच्या बाहेर पण लगत आली तर शेजारी काय येणार ह्यावर सगळं अवलंबून. गोदाम आलं तर दिवसरात्र ट्रक, रसायनाचा कारखाना आला तर वास आणि विहिरीची काळजी. भाड्यानं खोल्या द्यायच्या असतील तर दोन-चार किलोमीटरवरची जागा चांगली, राहायला त्याहून लांबची. "एमआयडीसीजवळ" ह्या एका शब्दात ह्या सगळ्या जागा एकाच भावात विकल्या जातात. जोवर हद्दीचा नकाशा हातात नाही तोवर विकणाऱ्यालासुद्धा माहीत नसतं आपण रेषेच्या कुठल्या बाजूला आहोत. त्याला फरकही पडत नाही, तो पैसे घेऊन मोकळा.

शेजारच्या पुरंदरकडं बघा. पुण्याचा नवा विमानतळ आधी खेड-चाकणकडं होणार होता. तिकडं त्याच्या नावावर जमिनींचे व्यवहार झाले. २०१६ मध्ये जागा बदलून पुरंदरला आली. पारगाव, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी ही सात गावं. मग २०२१ मध्ये पलीकडची दुसरी जागा चर्चेत आली. परत फिरून २०२५ मध्ये त्याच सात गावांच्या जमिनी अधिसूचित झाल्या, आणि त्याही ह्याच एमआयडीसी कायद्याखाली. गावकऱ्यांनी ड्रोन सर्वेक्षण अडवलं, लाठीमार झाला. त्यानंतर क्षेत्र सुमारे २,६७० हेक्टरवरून निम्म्याच्या आसपास आणलं गेलं. आता विचार करा, ह्या काळात "विमानतळाला लागून" म्हणून ज्यानं गुंठा गुंठा घेतला त्याची जागा कधी आत होती, कधी बाहेर, कधी विमानतळच दुसऱ्या तालुक्यात होता. त्याचा हप्ता मात्र दर महिन्याला जागेवरच होता.

रिंगरोडचं तर अजून सरळ आहे. हा रस्ता रस्ते विकास महामंडळाचा, ११० मीटर रुंदीचा, आपल्या भोर तालुक्यातल्या महामार्गाकडच्या गावांतून जाणारा. पश्चिमेकडचा भाग मावळातल्या उर्सेपासून आपल्या वरव्यापर्यंत. पण तो प्रवेश-नियंत्रित रस्ता आहे. मराठीत सांगायचं तर मध्येच कुठूनही चढता-उतरता येत नाही. जिथं इंटरचेंज दिलाय तिथूनच. मग "रिंगरोड टच प्लॉट" म्हणजे काय? तुमच्या गॅलरीतून गाड्या दिसतील, आवाज ऐकू येईल, आणि त्या रस्त्यावर जायला फेरा मारून इंटरचेंजला जावं लागेल. रेल्वेलाईनला लागून घर असलं म्हणजे गाडी आपल्या दारात थांबत नाही, तसंच हे. इंटरचेंज तुमच्यापासून किती लांब आहे हे विचारा, रस्ता किती लांब आहे हे नको.

नसरापूर, कापूरहोळ, खेड शिवापूर ह्या पट्ट्यात अजून एक भानगड आहे. "आर झोन आहे" असं सांगून प्लॉट दाखवतात. विचारा, कुठल्या नकाशात? पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये आला, हजारो हरकती आल्या, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२५ मध्ये सरकारनं तो आराखडाच रद्द करायचं ठरवलं. ज्यांनी त्या प्रारूपात पिवळा रंग बघून पैसे दिले त्यांच्या हातात आज रंगीत कागद आहे.

मग शहराकडं जावं का? धायरी, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी. आपल्या तालुक्यातली निम्मी पोरं तिकडंच आहेत. तिथं नोकरी आहे, दवाखाने आहेत, पोरांच्या शाळा आहेत, ते नाकारून चालणार नाही. पण तिथंही "विकास" जवळ आला म्हणून काय झालं ते डोळ्यांनी पाहिलंय. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत घेतली. महापालिका आली म्हणजे भाव वाढणार, असं तेव्हा सगळे बोलत होते. भाव वाढलेही. कर वाढला. आणि जानेवारी २०२५ मध्ये ह्याच सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण निघाले, बोट पाण्याकडं गेलं. लाखोंचे फ्लॅट आणि प्यायच्या पाण्याची खात्री नाही. उन्हाळ्यात टँकरचा हिशेब सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये बघा, मग कळेल स्क्वेअर फुटाचा खरा भाव काय. फुरसुंगी-उरुळीवाल्यांनी तर कचरा डेपो शेजारी घेऊन वर्षानुवर्षं काढली, महापालिकेत गेले आणि परत वेगळी नगरपरिषद घेऊन बाहेर पडले. आणि नऱ्हेला घर म्हणजे रोज नवले पुलाचा उतार. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका रात्रीत तिथं ४८ गाड्या एकमेकांवर आदळल्या होत्या. ब्रोकर हे सांगत नाही. तो "नवले पुलापासून दहा मिनिटं" सांगतो.

काही जण म्हणतील, "वाघोलीत, हिंजवडीजवळ ज्यांनी वेळेत घेतलं त्यांनी कमावलं की." कमावलं, खोटं नाही. पण त्यातले बरेच जण दहा-पंधरा वर्षं पैसे अडकवून बसू शकत होते. एक प्लॉट बुडाला तर दुसरा होता. आणि जे अडकले ते लग्नात भेटल्यावर छाती फुगवून सांगत नाहीत. लवासा आपल्याच डोंगरापलीकडं आहे. २०१० ला पर्यावरण खात्याची स्थगिती, २०१८ ला कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात. तिथं घरासाठी पैसे भरलेल्यांना आजही विचारा.

आपल्या भागाला तर शेजारच्या विकासाचा अनुभव फार जुना आहे. भाटघर धरण संस्थान असतानाच, १९२० च्या दशकात झालं. जमिनी वेळवंडी खोऱ्यातल्या गेल्या. नीरा डाव्या कालव्यानं बारामती-इंदापूर पिकलं, उजव्या कालव्यानं फलटण-माळशिरस. धरणाच्या काठची गावं मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसली. धरण "जवळ" कुणाच्या होतं?

आता माझं मत. ज्याची नोकरी पुण्यात आहे त्यानं पुण्यात भाड्यानं राहावं आणि बांधायचं तर गावात बांधावं. "भाडं म्हणजे पाण्यात पैसे" हे वाक्य मला पटत नाही. वीस वर्षांच्या कर्जात सुरुवातीची कित्येक वर्षं हप्त्याचा मोठा वाटा व्याजातच जातो, तो काय खिशात येतो का? भाड्याच्या घरी पाणी नाही आलं तर महिनाभराची नोटीस देऊन निघता येतं. फ्लॅट घेतल्यावर निघता येत नाही. ज्याची नोकरी शिरवळला आहे त्यानं भोर सोडायचं कारणच नाही. फक्त ज्या घरात म्हातारी माणसं आजारी आहेत, पुण्याच्या दवाखान्यात दर आठवड्याला जायचंय, त्यांचा हिशेब वेगळा. त्यांनी शहरातच बघावं, पण पाणी आणि रस्ता बघून.

गावात बांधताना गावठाणाच्या कडेची जागा बघा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत वेगळ्या एनए परवानगीची खेटी वाचतात. उलट रानात कुणी दोन-दोन गुंठे विकत असेल तर लांब राहा. ऑगस्ट २०२३ पासून आपल्याकडं बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठ्यांखाली तुकडा पाडता येत नाही. मग दहा जणांच्या नावानं एक सातबारा करतात, आणि पुढं त्या दहा जणांची भांडणं. २०२५ मध्ये जुन्या तुकड्यांना सरकारनं सवलत दिली, पण ती ठराविक तारखेपर्यंतच्या जुन्या व्यवहारांना, आणि सरसकट शेतजमिनीला नाही. एजंट ती बातमी दाखवून आजचे तुकडे विकतोय. भाव तपासायचा असेल तर नोंदणी विभागाच्या साईटवर त्या गटातले मागच्या तीन-चार वर्षांचे इंडेक्स टू काढा. तोंडी सांगितलेला भाव आणि कागदावरचा भाव शेजारी ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. फ्लॅटसाठी सगळं शेत विकू नका. निम्मं विका, पाव विका, हरकत नाही. पण नावावर थोडी तरी जमीन ठेवा. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आज शेवटचा गुंठा विकलात तर उद्या नातवाला स्वतःच्याच गावात शेत घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा शोधत फिरावं लागेल, आणि तेव्हा समोर जमीन विकायला बसलेला माणूस बाहेरचा असेल.

येत्या ग्रामसभेत दोनच गोष्टी लेखी मागू या. एमआयडीसीच्या हद्दीत आपल्या गावचे कुठले गट आहेत त्याची आजच्या तारखेची यादी, आणि नवीन प्लॉटिंगला पाणी कुठून देणार त्याचं उत्तर. अर्जाचा मसुदा कमेंटमध्ये टाकतो. सह्या करायला या.