वर्षाच्या मध्यात आलेलं मूल



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा छत्तीसगडच्या शिवारात धान कापणीला आलेलं असेल. कापणी-मळणी उरकली की बलौदाबाजार, महासमुंदकडची कितीतरी कुटुंबं ‘कमाये-खाये’ला, म्हणजे पोटापाण्याच्या कामाला, गाव सोडतात. कुणी परराज्यातल्या वीटभट्टीवर, कुणी पुण्या-नागपूरच्या बांधकामावर, कुणी इथे आपल्या रायपुरात. आईबापांबरोबर मुलंही निघतात आणि शाळेचं वर्ष अर्ध्यावर तुटतं. पावसाच्या तोंडावर ती परततात, तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असते.

अशीच शाळा सुटलेला एक मुलगा 1877 साली रायपूरला आला होता. वडिलांच्या कामामुळे कलकत्त्याहून आलेला नरेंद्रनाथ दत्त. त्याला घालावं अशी चांगली शाळा तेव्हा इथे नव्हती. वकील असलेल्या वडिलांनी त्याला घरीच शिकवलं. सुमारे दोन वर्षांनी तो परतला, तेव्हा कलकत्त्याच्या शाळेने खास बाब म्हणून त्याला पुन्हा घेतलं आणि मागे राहिलेला अभ्यास त्याने झपाट्याने भरून काढला. पुढे जगाने त्याला स्वामी विवेकानंद म्हणून ओळखलं. बुद्धी त्याची होतीच. पण शिकवणारा बाप आणि नियम बाजूला ठेवणारी शाळा, हे दोन आधारही होते. विटा थापणाऱ्याच्या मुलाला पहिला आधार क्वचितच मिळतो. म्हणून दुसरा मिळालाच पाहिजे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तो दिलाही आहे. 6 ते 14 वर्षांच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात, वर्षाच्या मध्यातही प्रवेश द्यावा लागतो. जुन्या शाळेचा दाखला आला नाही किंवा वयाचा पुरावा नाही, म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळतो की नाही हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. म्हणजे जे नरेंद्रला खास बाब म्हणून मिळालं, तो आज प्रत्येक मुलाचा हक्क आहे.

पण हक्क आपण होऊन भट्टीपर्यंत पोचत नाही. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महाराष्ट्रातल्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल येत नसेल तर शाळेने त्याच्याकडे जावं, हा त्यांचा धडा आजही तितकाच खरा आहे.

रायपूरची बरीच मराठी घरंही बदलीच्या, नोकरीच्या निमित्ताने इथे आली. आपल्या मुलांच्या प्रवेशासाठी शब्द टाकणारं कुणीतरी ओळखीचं भेटत असे. या मजुरांचं शहरात ओळखीचं कुणी नाही. ते ओळखीचं माणूस आपण व्हावं.

आपल्या गल्लीत बांधकाम चालू असेल, तर तिथल्या मुलांची चौकशी करा. आईबापांशी बोला, जवळच्या सरकारी शाळेत मुलाला घेऊन जा, आणि ते गावी परततील तेव्हा दाखला त्यांच्या हाती पडेल एवढंही पाहा. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडतील, त्याच आठवड्यात हे काम हाती घ्या.



— संपादक