पाळणा आणि मांजर

घरात पाळणा हलणार म्हटले की शेजारच्या बायका सांगतात, "मांजर पोत्यात घालून लांब सोडून या, ते बाळाचा श्वास ओढते." भीमनगर असो की मुकुंदवाडी, हे सगळीकडे ऐकू येते. भगिनींनो, हा निव्वळ गैरसमज आहे, आणि तो परदेशातही आहे. मांजराला हवी असते ऊब. धोका आहे तो दुसराच. तान्ह्या बाळाला मांजर दूर सारता येत नाही. ते तोंडाशी निजले तर बाळ गुदमरू शकते. म्हणून निजलेल्या बाळापाशी मांजर एकटे सोडायचे नाही, हा नियम पक्का.

एका खोलीच्या घरात दार लावून घेणे दरवेळी जमत नाही. तेव्हा मच्छरदाणी ताणून बांधा; सैल जाळी मांजराच्या वजनाने बाळावर येते.

तयारी सातव्या महिन्यापासूनच करावी. मांजराला फळीवर खोका व जुने लुगडे देऊन वेगळी जागा लावा. बाळ दवाखान्यात असतानाच त्याचे एक दुपटे घरी आणून मांजराला हुंगू द्या. बाळ आल्यावर मांजराच्या खाण्याची वेळ चुकवू नका. जवळ आले म्हणून मारूही नका, नाहीतर बाळ म्हणजे मार असे ते समजते.

गरोदर बाईने मांजराची घाण काढू नये. तिच्यातून टॉक्सोप्लाझ्मोसिस हा रोग होऊ शकतो व गर्भातील बाळाच्या मेंदूला, डोळ्यांना इजा पोहोचू शकते. हे जंतू बाहेर पडल्यावर 1 ते 5 दिवसांनी बाधक होतात, म्हणून घाण रोज काढावी. हे काम घरातल्या पुरुषाने करावे, त्यात कमीपणा नाही. मटणही पूर्ण शिजवूनच खावे, कारण हा रोग कच्च्या मटणातूनही होतो.

मांजर चावले किंवा बोचकारले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी घाटी दवाखाना गाठा, रेबीजच्या लसीबद्दल डॉक्टर सांगतील. मांजरालाही ही लस जनावरांच्या दवाखान्यात आधीच टोचून घ्या.

मांजर सोडून दिले की धान्याच्या पोत्यांवर उंदीर येतात, हे गृहिणींना आम्ही काय सांगावे! तेव्हा पोते शोधण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना हे वाचून दाखवा.