संवाद साधणाऱ्यांचा आपापसांतील संवाद

चैत्र लागला की क्षेत्रोक्षेत्री उत्सवांची लगबग सुरू होते. पाडव्याची गुढी उभी राहते, मागोमाग रामजन्माचा सोहळा येतो आणि आम्ही कीर्तनकार रात्रीच्या कथेत गुंतून जातो. याच सुमारास, २५ मार्च रोजी, भूमध्य समुद्राच्या काठच्या लेबनॉन देशात एक आगळा सण साजरा होतो. त्याची वार्ता वाचकांच्या कानी घालावी, असे आमच्या मनात आहे.

देवदूताने मरियमेस पुत्रजन्माची वार्ता दिली, तो हा दिवस. ख्रिस्ती लोकांना तो पूज्य आहेच. पण कुराणाचा एकोणिसावा अध्याय मरियमेच्याच नावाचा आहे आणि त्या ग्रंथात नावाने उल्लेखिलेली स्त्री ती एकटीच, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. हा समान धागा ओळखून काही ख्रिस्ती आणि मुसलमान कार्यकर्त्यांनी २००७ साली बैरूतजवळच्या एका शाळेत एकत्र प्रार्थना आरंभिली. पुढे २०१० साली तेथील सरकारने हा दिवस दोन्ही समाजांचा राष्ट्रीय सण ठरविला. ज्या देशात अठरा पंथांना राजमान्यता आहे आणि ज्याने १९७५ ते १९९० अशी पंधरा वर्षे यादवी सोसली, तेथे ही गोष्ट लहान म्हणता येणार नाही.

न्यायशास्त्राने कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व जाणण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करते ती वितंडा. धर्माधर्मांची बोलणी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारांत जाऊन पडतात. अरब देशांतील ही मंडळी पहिल्या प्रकारासाठी झटत आहेत, म्हणून आम्हांला त्यांचे अगत्य वाटते.

त्यांच्या प्रयत्नांना आता बराच काळ लोटला आहे. जॉर्डनच्या अम्मान नगरीत १९९४ साली आंतरधर्मीय अभ्यासाची राजाश्रयी संस्था निघाली. २००७ साली १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना समान वचनाचे आवाहन करणारे पत्र धाडले. सौदी अरेबियाने ऑस्ट्रिया व स्पेन यांच्यासह २०१२ साली व्हिएन्नात संवादकेंद्र स्थापिले. ते २०२२ साली लिस्बनला गेले. २०१९ साली अबू धाबीत पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे इमाम अहमद अल-तय्यिब यांनी मानवी बंधुत्वाच्या लेखावर सह्या केल्या. त्याच अमिरातीत २०२४ साली हिंदू मंदिरही उभे राहिले, हे आखातात पोटासाठी गेलेल्या आपल्या मराठी माणसांना सांगावयास नकोच.

इतके सारे झाले. मग उणे काय? आमच्या मते उणे आहे ते या संवादकांच्या परस्पर सहकार्यात. प्रत्येक संस्थेचे छत्र निराळे, आश्रयदाता निराळा, परिषद निराळी. ऐक्याचा उपदेश करणाऱ्यांनाच एकमेकांजवळ बसणे जड जाते, हे आम्ही परक्यांविषयी बोलत नाही. एका उत्सवात आमची आणि दुसऱ्या एका बुवांची कीर्तने एकाच रात्री योजिली होती. आधी कोण, नंतर कोण, यावरून आम्ही दोघेही अडून बसलो. अभेदावर निरूपण करावयास निघालेल्या दोघा म्हाताऱ्यांची ती हटवादी मुद्रा पाहून श्रोते हसले, आणि ते हसले हे योग्यच झाले. तेव्हापासून आम्हांला पक्के कळले की व्यासपीठावरील ऐक्याची खरी कसोटी व्यासपीठामागेच लागते.

सहकार्य उपजते ते समान कामातून. इराकातील मोसुल शहरात २०१७ साली अल-नूरी मशीद उद्ध्वस्त झाली. तेथील चर्चेही भग्न झाली होती. युनेस्कोच्या योजनेतून ती मशीद आणि दोन चर्चे एकाच उपक्रमात, स्थानिक तरुणांच्या हातांनी बांधून २०२५ साली पुन्हा उभी राहिली. सीरियाच्या वाळवंटातील मार मूसा मठात पाओलो दाल्लोल्यो या इटालियन धर्मगुरूने प्रार्थना, श्रम आणि आतिथ्य यांवर सर्वांसाठी दार उघडे ठेवले. २०१३ साली रक्का शहरात त्याचे अपहरण झाले. या वाटेवर चालणाऱ्यास द्यावे लागणारे मोल असे असते. एकाकी माणसास उचलून नेणे सोपे. ज्याच्या पाठीशी सर्व धर्मांचे दहा सोबती उभे आहेत, त्यास गाठणे तितके सोपे नाही. सहकार्य हे या मंडळींचे भूषण नव्हे, कवच आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. संवाद न्यायाची जागा घेऊ शकत नाही. इजिप्तमध्ये २०११ च्या पहिल्याच दिवशी अलेक्झांड्रियाच्या चर्चवर बॉम्बहल्ला झाला, तेव्हा थोड्याच दिवसांनी आलेल्या कॉप्टिक नाताळाच्या रात्री मुसलमान नागरिक चर्चांभोवती कडे करून उभे राहिले. हे दृश्य वंदनीय होय. त्याच वर्षी अल-अझहर आणि कॉप्टिक चर्च यांनी ‘कुटुंबगृह’ नावाची संयुक्त संस्थाही स्थापिली. परंतु खेड्यांतून दंगल झाली की कोर्टाऐवजी समेटाच्या बैठका बसवायच्या आणि दुर्बळ पक्षाने मुकाट्याने मान तुकवायची, ही तेथील रीत अनेक विचारवंतांनी निषेधिली आहे. अपराध्यास शासन न करता घडविलेली गळाभेट म्हणजे जखमेवर न धुता बांधलेली पट्टी होय. संवादकांनी एकजुटीने हे सांगितले, तर राजसत्तेला ते ऐकावे लागेल. एकेकट्याने सांगितले, तर त्याचा आश्रय तेवढा जाईल.

तसेच, मशीद आणि चर्च या दोघांच्या बोलण्यात यजिदी, मंदाई, द्रूझ या लहान समाजांना पाट मांडला जातो ना, हेही पाहावे लागेल. मोठ्यांची पंगत कितीही शोभिवंत असली, तरी धाकटा दाराशी उपाशी उभा असेल तर यजमानाचे पुण्य उणेच राहते.

वाचकहो, कीर्तनात एकटा बुवा बोलत असतो, पण टाळकरी आणि मृदंगी यांनी साथ सोडली तर पूर्वरंगही पार पडत नाही. अरब देशांतील या सज्जनांना परस्परांची अशी साथ लाभो, एवढीच या चैत्रमासी आमची प्रार्थना आहे.