आजीचं लुगडं की बाबांचं पातेलं?

काय दोस्तांनो, दप्तरं वाळली का? पावसाळा लागला की माझ्या टपालात पाण्याबद्दलची पत्रं हमखास येतात. या आठवड्यात कोकणातल्या एका सातवीतल्या मैत्रिणीचं चार पानी पत्र आलंय आणि त्यात चक्क भांडण आहे. तिचं नव्हे, तिच्या आजीचं आणि बाबांचं!

भांडण असं : विहिरीचं पाणी हंड्यात ओतताना आजी हंड्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याची घडी बांधते. बाबा म्हणतात, "आई, फडक्याने जंतू अडत नाहीत गं. पाणी उकळायलाच हवं." त्यावर आजी, "माझा जन्म गेला हे पाणी पिऊन. आणि उकळलेल्या पाण्याला मेली चव म्हणून नाही." मैत्रिणीने विचारलंय, बरोबर कोण? आणि पत्राच्या शेवटी एक ओळ, 'उत्तर लवकर द्या, माझा भाऊ अडीच वर्षांचा आहे आणि तो दोघांच्याही हातचं पाणी पितो.'

ती शेवटची ओळ वाचली आणि ठरवलं, बेडकांवरचा लेख पुढच्या आठवड्यात. आज पाणीच.

आधी आजीची बाजू घेऊ. (आजीची बाजू आधी घेतलेली बरी असते, हा माझा लहानपणापासूनचा अनुभव.) पटकीचा म्हणजे कॉलऱ्याचा जंतू इतका बारीक असतो की कुठल्याही कापडातून तो सहज पार होईल. पण हा पठ्ठ्या पाण्यात नेहमी एकटा फिरत नाही. तळ्यात, नदीत कवच असलेले इवलेइवले जीव असतात, त्यांच्या अंगाला तो चिकटून बसतो. एकेका जिवावर हजारो जंतू, एसटीच्या टपावर बसावेत तसे! आता हे जीव जंतूंच्या मानाने भलतेच मोठे. ते कापडात अडकतात आणि त्यांच्याबरोबर टपावरचे प्रवासीही.

रिटा कॉलवेल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात हेच करून पाहिलं. तिथल्या बायकांना सांगितलं, पाणी भरताना सुती साडीची घडी कळशीच्या तोंडावर धरा, कापडाचे निदान चार तरी पदर होऊ द्या. २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरलं होतं! आणि गंमत म्हणजे नव्या साडीपेक्षा जुनी, धुऊन धुऊन विरलेली साडी जास्त चांगली ठरली. जुन्या कापडाचे धागे पिंजारतात आणि विणीतली भोकं बारीक होतात. म्हणजे आजी नवं कापड न घेता जुनेरंच बांधते, त्यात नुसती काटकसर नाही.

मग बाबा चुकले? थांबा. आता माझ्या घरची गोष्ट सांगतो.

आम्ही ज्या गावात राहायचो तिथे नळाला सकाळी तासभर पाणी यायचं. पहिली पाच मिनिटं ते जरा गढूळ असायचं, कधी वासही यायचा. आई ते पाणी सोडून द्यायची आणि मग फडकं लावून हंडा भरायची. फडकं रोज धुतलेलं, पांढरंशुभ्र. तरीही माझा दादा दहावीच्या परीक्षेच्या पंधरा दिवस आधी पिवळा पडला. कावीळ! त्याचं ते वर्ष गेलं. आमच्या आळीत आणखी सात-आठ जण आजारी होते. आई कितीतरी दिवस म्हणत होती, "त्याने त्या दिवशी बाहेर उसाचा रस प्यायला, त्यानेच झालं." पण पाण्यातून येणाऱ्या काविळीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त दिवस जातात. ज्या पाण्याने घात केला ते केव्हाच पिऊन झालेलं होतं. आदल्या दिवशीच्या रसाला दोष देण्यात अर्थ नव्हता.

आणि फडकं? काविळीचा विषाणू हा पटकीच्या जंतूपेक्षाही कितीतरी लहान. घडी घातलेल्या जुन्या कापडाचं भोक त्याच्या शेकडो पट मोठं असतं. शिवाय तो कुणाच्या टपावर बसायची वाट बघत नाही. फडकं त्याला अडवणार ते कसं?

बरं, तो नळात आला कुठून? महिनाभराने रस्ता खणला तेव्हा कळलं. नळाची जुनी लोखंडी वाहिनी गटाराला अगदी खेटून जात होती आणि गंजून तिला भोक पडलं होतं. तुम्ही म्हणाल, भोकातून पाणी बाहेर जाईल, आत कसं येईल? पाणी चालू असतं तोवर बाहेरच जातं. पण पाणी बंद झालं की वाहिनीतला दाब उतरतो आणि आजूबाजूची घाण आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाच मिनिटांत तीच आपल्या हंड्यात! इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली होती, तीही दूषित पाण्यातूनच. पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला हातापायांतली ताकद जाणाऱ्या एका आजाराचे बरेच रुग्ण निघाले, तेव्हाही संशयाची सुई पाण्याकडेच वळली होती.

पाणी घाण कोण करतं असं विचारलं की तुम्ही वर्गात एका सुरात सांगता, "कारखाने!" खोटं नाही ते. पण आपल्या नद्यांत पडणाऱ्या घाणीतला फार मोठा वाटा आपल्या घरांतून जातो. मोरी, संडास, कपड्यांचा साबण. खडकवासल्याच्या धरणातलं पाणी बघा आणि मग तीच मुठा पुणे शहर ओलांडून गेल्यावर बघा. एकाच नदीचं पाणी आहे हे सांगूनही पटणार नाही. आळंदीला इंद्रायणीवर अलीकडच्या वर्षांत पांढरा फेस तरंगताना दिसतो. लांबून एखाद्याला बर्फ वाटावा. साबणासारखी रसायनं पाण्यात मिसळतात, बंधाऱ्यावरून पाणी घुसळत खाली पडतं आणि फेस चढतो. वारकऱ्यांना त्याच पाण्यात उतरावं लागतं.

इथे एक हिशेब करू, सोपा आहे. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो, माशांचा श्वास त्याच्यावर चालतो. आपल्या हवामानात एका लिटरमध्ये तो फार तर आठ मिलिग्रॅम मावतो. सांडपाणी नदीत पडलं की पाण्यातले जिवाणू घाण खाऊ लागतात. वाईट नाही ते, नदीची सफाई तेच करतात. पण खाताना त्यांनाही प्राणवायू लागतो. घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरमधली घाण संपवायला साधारण दोनशे मिलिग्रॅम धरा. म्हणजे भागाकार करा बरं, एक लिटर सांडपाणी किती लिटर स्वच्छ पाण्याचा प्राणवायू गिळतं? पंचवीस! मासे मेलेले दिसले की आपण म्हणतो कुणीतरी विष टाकलं. पुष्कळदा विष नसतं, बिचारे गुदमरून मेलेले असतात.

म्हणून सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात करतात काय, तर मोठ्या टाक्यांत सांडपाण्यामध्ये जोराने हवा सोडतात. जिवाणूंना म्हणतात, घ्या, खा पोटभर, हवेची कमी नाही. नदीला जे काम करायला कित्येक किलोमीटर वाहावं लागतं ते टाकीत काही तासांत उरकतं. मात्र सगळं सांडपाणी त्या टाकीपर्यंत पोचलं पाहिजे. घोडं तिथेच अडतं.

आता पिण्याच्या पाण्याकडे येऊ. पावसाळ्यातलं गढूळ पाणी नुसतं ठेवलं तर तासन्‌तास निवळत नाही. कारण मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर लोटत राहतात. तुरटी फिरवली की हा भार नाहीसा होतो, कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके जड होऊन तळाशी बसतात. निवळीचं बी माठाच्या आत घासतात किंवा शेवग्याच्या बियांची पूड टाकतात तेव्हाही साधारण असंच होतं. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातही पहिली पायरी तुरटीचीच, फक्त पेल्याऐवजी तलावाएवढी टाकी.

पुढची पायरी वाळू. वाळूने काय साधतं ते जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराला फार महागात पडून कळलं. १८९२ सालची गोष्ट. हॅम्बुर्ग एल्ब नदीचं पाणी न गाळता लोकांना देत होतं. शेजारी, खालच्या अंगाला अल्टोना हे गाव. म्हणजे हॅम्बुर्गची सगळी घाण मिसळलेलं पाणी अल्टोनाच्या वाट्याला! पण अल्टोना ते पाणी वाळूच्या जाड थरातून सावकाश झिरपवून मगच नळाला सोडत असे. त्या वर्षी पटकीची साथ आली. हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांवर माणसं मेली. अल्टोनात लागण फारच थोडी. दोन्ही गावांची हद्द एका रस्त्यावरून जात होती, तर रस्त्याच्या या बाजूला आजारी माणसं आणि त्या बाजूला धडधाकट! रॉबर्ट कॉख यांनी हे सगळं तपासलं. हेच कॉख १८८४ साली कलकत्त्याला येऊन, तिथल्या तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू शोधून गेले होते.

वाळूचं गुपित असं, की नवी कोरी वाळू फारसं काम करत नाही. काही दिवसांनी तिच्यावर शेवाळासारखा बुळबुळीत थर जमतो. आपण म्हणू, शी! पण त्या थरातले जीव पाण्यातल्या जंतूंचा फडशा पाडतात. पाणी मात्र तासाला वीतभरच खाली उतरू द्यायचं. घाई केली की बिघडलं.

एवढं करूनही चुकार जंतू उरतातच, म्हणून शेवटी क्लोरीन. गावात विहिरीत जी पांढरी, उग्र वासाची पावडर टाकतात, जिला सगळे 'टीसीएल' म्हणतात, तिचं काम तेच. ती टाकल्यावर निदान अर्धा तास तरी थांबायचं. क्लोरीनचा फायदा हा की तो थोडा पाण्यात शिल्लक राहतो आणि पुढे वाटेत कुणी जंतू घुसला तर त्यालाही गाठतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून बघतो, पाणी पिवळसर झालं की क्लोरीन आहे. त्याला 'ओटी टेस्ट' म्हणतात. एकदा बघायला जा, जादूसारखं दिसतं. (औषधाला हात मात्र लावायचा नाही.)

सरपण नाही, गॅस संपलाय, तर? ऊन आहे ना! एक-दोन लिटरची पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली निवळलेल्या पाण्याने भरून, आडवी करून, कडक उन्हात सहा तास ठेवली तर सूर्यकिरण बहुतेक जंतू मारतात. आभाळ असेल तर दोन दिवस लागतात. भर पावसाळ्यात कोकणात हा उपाय सांगणं म्हणजे जरा चेष्टाच, पण मे महिन्यात उपयोगी पडेल.

एक गोष्ट मात्र यातल्या कशानेच जात नाही. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही विहिरींत जमिनीतूनच फ्लोराइड येतं. त्याने दात पिवळे-तपकिरी होतात, हाडं वाकतात. ते पाणी उकळलं तर वाफ उडून जाते आणि फ्लोराइड उलट दाट होतं! त्यासाठी नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून एक पद्धत शोधली. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या नलगोंडा जिल्ह्यावरून तिचं नाव नलगोंडा पद्धत.

आता निकाल. मैत्रिणी, आजीला सांग, लुगडं सोडायचं नाही. पण फडकं रोज धुऊन उन्हात वाळवायचं, आणि पाणी गाळल्यावर ते बाबांच्या पातेल्यात ओतायचं. खळखळून उकळी आली की मिनिटभर ठेवलं तरी पुरे, वीस मिनिटं गॅस जाळायला नको. चवीचं म्हणशील तर तिथे आजीचं खरं आहे. उकळताना पाण्यातली हवा निघून जाते म्हणून ते बेचव लागतं. गार झालं की एका स्वच्छ भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून चार-पाच वेळा ओतायचं, चहावाला चहा ओततो तसं. हवा परत मिसळते. मग माठात घालून आजीला द्यायचं आणि तिला काही सांगायचं नाही. ओळखते का बघ.

आणि भावाचा पेला माठात बुडवायचा नाही. दांड्याचं ओगराळं ठेवा.

तुम्हा सगळ्यांसाठी एक काम. ग्रामपंचायतींना त्यांच्या पाण्याच्या स्थितीवरून वर्षातून दोनदा लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. तुमच्या गावाला कुठलं मिळालंय ते विचारून या. शहरातल्यांनी आपलं पाणी कुठल्या धरणातून येतं आणि मोरीतलं कुठे जातं ते शोधायचं. पोस्टकार्डावर मावेल एवढंच लिहा. बेडूक पुढच्या आठवड्यात, नक्की!