तार गावठाणात, माणसे वस्तीवर

दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत पारेवाडी, वाशिंबे ही स्टेशने मागे पडली की थोड्याच वेळात जेऊर येते. तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचे गाव म्हणून ते आता महाराष्ट्रभर ठाऊक झाले आहे. त्याआधीही आसपासच्या खेड्यांना पुण्या-मुंबईला जाण्याची वाट हीच होती. बँकेच्या नोकरीत मी या गावच्या शाखेत तीन वर्षे काढली. तेव्हा जडलेला संबंध निवृत्तीनंतरही सुटलेला नाही, आणि वर्षातून दोन-तीन वेळा त्या भागात माझे जाणे होते.

हल्ली तिकडे गेलो की पाणी आणि विजेच्या बरोबरीने तिसरी तक्रार ऐकू येते. ‘रेंज नाही.’ शहरातल्या वाचकाला ही चैनीची तक्रार वाटेल. पण रेशनच्या धान्यासाठी यंत्रावर अंगठा टेकवायचा, तर ते यंत्र नेटवर्कवर चालते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची आणि शेतात उभे राहून काढलेला फोटो पाठवायचा. पीकविमा, अनुदान, मुलांच्या प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज यांतले काहीही आता नेटवाचून पुढे सरकत नाही. सरकारी कारभार कागदावरून मोबाइलवर गेला. ज्याच्यापर्यंत लहरी पोहोचत नाहीत, त्याच्यापर्यंत आता सरकारही पोहोचत नाही.

मग गावागावांत इंटरनेट नेण्याच्या ज्या योजना झाल्या, त्यांचे काय? केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूच्या तारेने, म्हणजे ऑप्टिकल फायबरने, जोडण्याची योजना मंजूर केली. २०१५ पासून ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपासाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. योजनेचा हेतू चांगला, पैसाही मोठा. अडचण आहे ती मोजमापात. या योजनेने मुख्यतः ग्रामपंचायत मोजली. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात तार आली की सरकारदप्तरी गाव जोडले गेले.

सोलापूर जिल्ह्यातले गाव असे एका जागी बसलेले नसते. पार, देऊळ, शाळा आणि ग्रामपंचायत गावठाणात असतात. माणसे मात्र मोठ्या संख्येने आपापल्या रानात, वस्तीवर राहतात. १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले आणि भीमेचे पाणी करमाळ्याच्या हद्दीत पसरले. जिथे ज्वारी पिकत होती तिथे ऊस आला, केळी आल्या. कंदर भागातली केळी आज परदेशी जातात. बागायत आली की राखण आली, रात्रीचे पाणी देणे आले, जनावरे आली. त्यामुळे कुटुंबे रानातच राहू लागली. अशी एखादी वस्ती गावठाणापासून दोन-तीन किलोमीटरवर आणि तिच्यात चार-पाच घरे. चार घरांसाठी तीन किलोमीटर चर खोदून तार टाकणे कोणत्याही कंपनीला परवडणार नाही.

पाण्याच्या टाकीवरची थाळी

इथेच बिनतारी जोडणीचा विचार पुढे येतो. त्याची रचना समजायला सोपी आहे. गावठाणात तार येते. गावातल्या उंच जागेवर, बहुधा पाण्याच्या टाकीवर, जेवणाच्या ताटाएवढी एक थाळी बसवायची. तिच्यासमोर वस्तीवर, घराच्या छपरावर किंवा लोखंडी खांबावर तशीच दुसरी थाळी. दोन्हींनी एकमेकींना ‘पाहिले’ पाहिजे, मध्ये आड काही येता कामा नये. तेवढे साधले की चार-पाच किलोमीटर अंतर या लहरी सहज कापतात. वस्तीवरच्या थाळीखाली एक वाय-फायची पेटी लावली की आसपासच्या घरांतले मोबाइल तिला जोडले जातात. अशा दोन थाळ्यांची किंमत एका बऱ्यापैकी मोबाइलइतकी असते. त्यासाठी लागणाऱ्या लहरींना परवानाही लागत नाही. जानेवारी २००५ मध्ये सरकारने यांतला एक पट्टा उघड्यावर वापरण्यासाठी परवानामुक्त केला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये दुसऱ्या पट्ट्याचा मोठा भाग मोकळा केला.

जेऊरचा परिसर बराचसा सपाट, म्हणजे या कामाला सोयीचा. पण ऊस बारा फूट वाढतो, कडुलिंब त्याहून उंच. हिवाळ्यात उत्तम चालणारी जोडणी ऊस वाढला की अडखळते, म्हणून खांब पिकाच्या वर काढावा लागतो. मे महिन्यातल्या वळवात वीज पडते, तेव्हा खांबाला अर्थिंग हवे. लाइट गेली की थाळी बंद, तेव्हा बॅटरी हवी. यांतले काहीच अवघड नाही. मात्र हे सगळे बघणारा माणूस कायम हाताशी लागतो.

पालघर आणि वारणा

महाराष्ट्रात हा प्रयोग प्रत्यक्ष झालेला आहे. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्राममार्ग’ या नावाने पालघर भागात खामलोली आणि आसपासच्या गावांत तो केला. त्यांची मूळ कल्पना मोठी चतुर होती. दूरदर्शनसाठी राखून ठेवलेल्या लहरींपैकी बहुतेक रिकाम्याच पडून होत्या. त्या पट्ट्यात १५ वाहिन्यांची जागा, आणि त्यांतल्या किमान १२ देशात कुठेही मोकळ्या असल्याचे या मंडळींनी हिशेबाने दाखवून दिले. या लहरी झाडीतून पार होतात, म्हणून पालघरच्या रानाला त्या सोयीच्या. परंतु त्यांचा वापर प्रायोगिक परवान्यापुरताच राहिला. पुढे २५ गावांपर्यंत काम वाढवताना परवानामुक्त लहरींचाच आधार घ्यावा लागला. मार्च २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत या प्रकल्पाला १ लाख २५ हजार डॉलरचे बक्षीस मिळाले. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची मांडणी. सरकार, खासगी कंपनी आणि पंचायत यांची भागीदारी, आणि गावातली जोडणी सांभाळणारा गावातलाच उद्योजक.

त्याआधीचा दाखला वारणेचा. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणानगरच्या सहकारी संस्थांभोवतीची कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ मध्ये हाती घेतला गेला. शेतीसल्ला, बाजारभाव, सरकारी माहिती असे पुष्कळ काही त्यातून देण्याचे योजले होते. प्रत्यक्षात शेतकरी संगणकापुढे उभा राहिला तो मुख्यतः आपल्या उसाचे वजन आणि खताचा हिशेब पाहायला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगलोर येथील संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवर संदेशाने हीच माहिती देऊन पाहिली, आणि तेवढ्याने काम भागले.

या दोन अनुभवांतून मी दोन गोष्टी घेतो. माणूस जोडणीला धरून राहतो तो त्याच्या रोजच्या पैशाशी आणि कामाशी ती बांधलेली असेल तरच. आणि यंत्र बसवणाऱ्यापेक्षा ते चालवणाऱ्याचा प्रश्न मोठा असतो.

पाइपलाइनचा धडा

हा दुसरा धडा मी जेऊरलाच, बँकेच्या टेबलावर, फार आधी वाचला होता. १९९० च्या सुमारास उजनीच्या फुगवट्यातून पाणी उचलण्यासाठी शेतकरी एकत्र येऊन पाइपलाइन टाकत आणि त्यासाठी कर्ज मागायला येत. कर्जाच्या छापील अर्जात पाइपाला रकाना होता, मोटारीला होता, खोदाईला होता. मोटार चालू-बंद करणाऱ्या माणसाला रकाना नव्हता. पाइपलाइन एका हंगामात पुरी होई, नारळ फुटे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोटार जळे. एकाचे पीक गेलेले, तो वर्गणी देत नाही. तो देत नाही म्हणून दुसरा देत नाही. वीजबिल थकते, जोड तुटतो आणि लाखाची पाइपलाइन जमिनीखाली कोरडी राहते. त्याच काठावर पाच-सहा जणांचे काही गट मात्र वर्षानुवर्षे चालले. त्यांच्यात श्रीमंती जास्त नव्हती. त्यांच्यात पाळी ठरलेली होती, तासावर पैसे ठरलेले होते, वीजबिलाचा डबा वेगळा होता आणि मोटारीची किल्ली एकाच माणसाकडे होती, ज्याला त्याबद्दल मेहनताना मिळे.

इंटरनेटची गोष्ट याहून वेगळी नाही. देणगीतून, आमदार निधीतून किंवा एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून थाळ्या बसतील. पण महिन्याचे बिल दर महिन्याला येते.

म्हणून कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडू. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, गावाने आपले आकडे घालून पाहावेत. साठ घरे, प्रत्येकी महिना १५० रुपये, म्हणजे ९,००० रुपये. बँकेत आयुष्य गेल्याने मी वसुली कधीच पूर्ण धरत नाही. पन्नास घरांनी वेळेवर दिले असे धरू. हाती आले ७,५०० रुपये. त्यातून तारेच्या जोडणीचे भाडे २,०००, जोडणी सांभाळणाऱ्या मुलाला किंवा मुलीला मानधन ३,५००, वीज ५०० आणि बॅटरी-दुरुस्तीसाठी दर महिन्याला बाजूला १,५००. हिशेब जेमतेम जुळतो. त्यातला शेवटचा आकडा कोणी वाचवायला गेले, की पहिल्याच वळवाच्या पावसात सगळे संपते.

यासाठी कायद्याचा रस्ताही आता आहे. घरगुती जोडणी घेऊन ती शेजाऱ्यांना विकता येत नाही, हे आधी स्पष्ट असावे. पण ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली. एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या वाचकांच्या स्मरणात असतील. तीच कल्पना इथे आहे. किराणा दुकानदार, पिठाची गिरणीवाला, बचतगट, कोणीही वाय-फायचे केंद्र चालवू शकतो. त्याला परवाना, नोंदणी किंवा शुल्क नाही. नोंदणी झालेल्या मधल्या संस्थेशी त्याने जोडून घ्यायचे. अशा केंद्रांना कंपन्या व्यापारी दराने महागडी जोडणी देत, ही तक्रार होती. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने त्यावर मर्यादा घातली. २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती योजनांच्या दुपटीहून जास्त दर आता या केंद्रांना लावता येत नाही.

मोबाइल आहे, मग हे कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि खेड्यापाड्यांत पोहोचले. पण वस्तीवरच्या घरातला एकुलता चांगला मोबाइल सकाळी घरधन्याबरोबर रानात किंवा बाजाराला जातो. मागे राहतात सून, सासू आणि शाळेतली पोरे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरली, तेव्हा एका वस्तीवरची दोन भावंडे वडील रानातून परत येण्याची वाट पाहत बसत. वडील आल्यावर मोबाइल आधी मुलाच्या हाती जाई, मुलीची पाळी नंतर. घरात वाय-फाय असले तर सिमकार्ड नसलेला, कोपऱ्यात पडलेला जुना मोबाइलही चालतो. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी दर वाढवल्यानंतर चार माणसांचे चार रिचार्ज हे ओझे किती, ते घर चालवणाऱ्या बाईला विचारावे.

उपग्रहाचेही नाव आता निघते. स्टारलिंक कंपनीला जून २०२५ मध्ये परवाना मिळाला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने तिच्याशी इरादापत्र केले. त्यात शेजारच्या धाराशिव जिल्ह्याचाही उल्लेख आहे. सातपुड्यातल्या पाड्याला आकाशातून येणारी जोडणी वरदान ठरू शकेल. परंतु टाकीवरून दिसणाऱ्या वस्तीला आकाशातून जोडण्याची गरज नाही. आकाशातली जोडणी बिघडली तर दुरुस्तीला जेऊरमधले कोणी चढू शकणार नाही, टाकीवर मात्र चढता येते.

हे जगात इतरत्र झाले आहे. नेपाळच्या म्याग्दी जिल्ह्यातील नांगी गावच्या महावीर पुन यांनी डोंगरातली गावे अशीच बिनतारी जोडली, त्यांना २००७ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्पेनमधील कॅटालोनियात २००४ मध्ये सुरू झालेले ‘गिफी’ हे लोकांचे जाळे वाढत ३५ हजारांहून अधिक ठिकाणी पोहोचले. दोन्हीकडे सरकारची वाट पाहून कंटाळलेल्या माणसांनीच सुरुवात केली. सहकारी कारखाने, दूधसंघ आणि पतसंस्था काढणाऱ्या महाराष्ट्राला हे शिकवायला कोणी बाहेरून यावे लागू नये. सहकारात आपले जे बिघडले, तेही आपल्याला चांगलेच ठाऊक आहे, आणि त्याचाही उपयोग आहे.

तेव्हा जेऊर परिसरातल्या, किंवा कोणत्याही, ग्रामसभेपुढे तीन प्रश्न ठेवावेत. भारतनेटची तार आपल्या ग्रामपंचायतीत आली आहे का, आली असेल तर ती चालू आहे का? कोणत्या टाकीवरून कोणत्या वस्त्या दिसतात? आणि पैसे कोण गोळा करणार, किल्ली कोणाकडे, मानधन किती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ग्रामसेवक देईल, दुसऱ्याचे टाकीवर चढणारी पोरे. तिसऱ्याचे उत्तर कोणत्याही मंत्रालयाकडे नाही. ते एका वहीत, सगळ्यांच्या सह्यांनिशी, गावानेच लिहायचे आहे. थाळ्यांची ऑर्डर त्यानंतर द्यावी.