आधी तार, मग फ्यूज

फ्यूज राखण करतो ती तारेची, दिव्याची नव्हे. दिवा फार तर उडेल. फ्यूजच्या आधी तार तापली, तर मात्र तिचे आवरण वितळते, आणि वर सुटा कापूस भरलेला असेल तर पुढचे सांगायला नको. अकोट, दर्यापूरकडून जिनिंगला जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या वायरिंगकडे म्हणूनच काटेकोरपणे पाहावे लागते.

ट्रॉलीच्या मागे 55 वॉटचे दोन हॅलोजन फोकस लावायचे, तर 12 व्होल्टवर सव्वानऊ अँपियरच्या आसपास करंट लागतो. बॅटरीपासून तिथवर 8 मीटर तार जाते. पण करंट परतही यायचा असतो, म्हणून हिशेब 16 मीटरचा. दीड चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेत सुमारे 1.7 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. दिव्यापाशी उरतात 10.3, आणि उजेड जवळपास 40 टक्क्यांनी घटतो. गिऱ्हाईक म्हणते, फोकस डुप्लिकेट निघाला! 4 चौरस मिमीच्या तारेत हीच घट 0.65 व्होल्टच्या आत राहते. मात्र अर्थची तारही तितकीच जाड हवी. ती वाचवून ट्रॉलीच्या गंजक्या हुकावर भिस्त ठेवली, तर हा सगळा हिशेब वाया जातो.

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपुढे जातो. बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. घरगुती वायरीचे साधे पीव्हीसी आवरण 70 अंशांपर्यंतचे असते, शिवाय तिच्यातल्या मोजक्या जाड तारा हादऱ्यांनी तुटतात. स्वस्त पडते म्हणून ती गाडीत घालू नये.

तार ठरली की फ्यूज सोपा. सततचा भार फ्यूजच्या क्षमतेच्या तीन-चतुर्थांशापुढे नसावा, म्हणून येथे 15 अँपियरचा निळा फ्यूज, तोही बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात. त्यामागची तार उघडीच, तिला कोणी राखणदार नाही. वारंवार उडतो म्हणून 30 चा हिरवा बसवणे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

आता हॅलोजनच्या जागी 18 वॉटचे एलईडी फोकस येत आहेत. दोन्ही मिळून करंट 3 अँपियर, पण त्यांच्या स्वतःच्या तारा बारीक असतात. फ्यूज नेहमी ओळीतल्या सर्वांत बारीक तारेला बघून निवडायचा, म्हणून एलईडी लावताना जुना 15 चा काढून 5 चा बसवावा.