मोर्चा पुण्यात, मुलगी नगरमध्ये

जून आला की आमच्याकडे दोन गोष्टींची घाई असते. शाळा उघडणार म्हणून पटनोंदणी आणि पुस्तकांचे संच, आणि मोहल्ल्यात राहिलेले निकाह उरकणं. याच सुमारास पुण्यात प्राइडचा मोर्चा निघतो. दुसऱ्या दिवशी पेपरच्या आतल्या पानावर इंद्रधनुषी झेंड्यांचा फोटो येतो. चहा घेता घेता कुणी हसतं, कुणी ‘तौबा’ म्हणतं आणि पान उलटलं जातं. बरीच वर्षं मीही पान उलटणाऱ्यांतलीच होते.

आज या विषयावर लिहितेय ते एका मुलीमुळे. तिचं नाव मी सांगणार नाही. का सांगणार नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

साधारण दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे उर्दू आणि मराठी शिकलेली ही मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना घरी आली. वय वीस. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “टीचर, मेरेकू शादी नहीं करनी. किसीसे भी नहीं.” घरात रिश्ता आला होता. मी कारण विचारलं. तिने कॉलेजातल्या एका मैत्रिणीचं नाव घेतलं आणि रडायला लागली. मला कळायचं ते कळलं. मी तिला पाणी दिलं, हे वयच असं असतं म्हणाले, नमाज सोडू नको म्हणाले. आणि ती गेल्यावर तिच्या अम्मीला फोन केला.

माझी नियत वाईट नव्हती. पोरगी वाट चुकतेय, आईला माहीत असावं, एवढंच डोक्यात होतं. आठवड्यात तिचा मोबाइल गेला, कॉलेज सुटलं आणि चाळीस दिवसांत निकाह झाला. मी दावतही खाऊन आले. दोन वर्षांनी ती खुला घेऊन माहेरी परतली. त्या मुलाचा तरी काय दोष? त्याला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. नंतर एकदा ती भेटली तेव्हा ओरडली नाही, की रडली नाही. एवढंच म्हणाली, “टीचर, मैंने आपको बताया था. अम्मी को नहीं.”

प्राइडच्या दिवसांत ‘दिसणं’ या शब्दाची फार चर्चा होते. आम्ही आहोत, आम्हाला बघा, असं लोक म्हणतात. पण एखादीने स्वतःहून दिसणं वेगळं आणि दुसऱ्याने तिला उघडं पाडणं वेगळं. मी दुसरं केलं होतं. आपल्या समाजात या मुलींच्या बाबतीत बहुतेक वेळा दुसरंच घडतं.

थोडा इतिहास पाहू. मुंबईत 16 ऑगस्ट 2008 रोजी ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत मोर्चा निघाला. पुण्यातला पहिला मोर्चा 11 डिसेंबर 2011 चा, बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने काढलेला. पण लेस्बियन स्त्रियांचं एकत्र येणं याच्या बरंच आधीचं आहे. मुंबईत 1995 साली ‘स्त्री संगम’ नावाचा गट सुरू झाला, तो पुढे ‘लेबिया’ या नावाने ओळखला जाऊ लागला. झेंडा, ढोल, पोलीस परवानगी यातलं काही नव्हतं. काही बायका एकत्र बसत, बोलत. पुढे याच गटाने 50 जणांच्या आयुष्यकहाण्या नोंदवून 2013 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मतः ज्यांना मुलगी मानलं गेलं पण ज्यांचं आयुष्य ठरलेल्या चौकटीत बसलं नाही, अशा लोकांच्या त्या कहाण्या होत्या.

बायका अशा बंद खोलीत का भेटत होत्या, हे आपल्याला सांगायला नको. पुरुषाला रस्ता, पान टपरी, रात्रीचा फेरफटका सगळं खुलं असतं. तो समलैंगिक असला तरी घराबाहेर पडायला त्याला परवानगी लागत नाही. मुलीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. नगर ते पुणे 120 किलोमीटर. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे पैशांची अडचण एकवेळ सुटली. पण कुठे चाललीस, कुणाबरोबर, कधी परतणार, या तीन प्रश्नांना सवलत नाही. सरकारी कागदावर शहराचं नाव अहिल्यानगर झालं, तरी मुकुंदनगरच्या किंवा झेंडीगेटच्या मुलीला पुणे तेवढंच लांब राहिलं.

‘हे सगळं बाहेरून आलेलं आहे,’ असं म्हणणाऱ्यांना मी उर्दूची शिक्षिका म्हणून एक आठवण करून देईन. इस्मत चुगताईंची ‘लिहाफ’ ही कथा 1942 साली ‘अदब-ए-लतीफ’ या मासिकात आली. नवाबाच्या घरात दुर्लक्षित पडलेली बेगम जान आणि तिची नोकराणी रब्बू यांची ती कथा. अश्लीलतेचा खटला लाहोरला चालला आणि इस्मत आपा त्यातून सुटल्या. त्या स्वतः शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेल्या होत्या, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, मुंबईत शाळा तपासनीसही होत्या. आम्हा बी.एड. झालेल्या बायकांच्या त्या पूर्वजच म्हणायच्या. त्याही आधी लखनऊमध्ये रंगीन आणि इन्शा यांनी ‘रेख्ती’ लिहिली. स्त्रीच्या बोलीतल्या त्या शायरीत दोन बायकांमधल्या प्रेमासाठी खास शब्दही सापडतात. मराठीत विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 साली रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडी त्यात सुमित्रा म्हणजे मित्रा झाल्या होत्या.

म्हणजे ही स्त्री आपल्या साहित्यात कधीपासून आहे. पण कशी आहे? ‘लिहाफ’मध्ये तिला एक लहान मुलगी बघते. ‘मित्राची गोष्ट’मध्ये तिचा मित्र बापू तिची गोष्ट सांगतो आणि शेवटी ती जीव देते. रेख्ती लिहिणारे तर पुरुषच. तिच्याबद्दल सगळे बोलतात, ती स्वतः बोलताना फार थोड्या ठिकाणी ऐकू येते. आणि जेव्हा पडद्यावर अशी गोष्ट आली, तेव्हा काय झालं? डिसेंबर 1998 मध्ये ‘फायर’ सिनेमावरून मुंबईत आणि दिल्लीत चित्रपटगृहं फोडली गेली. सिनेमाच्या बाजूने कोर्टात जाणाऱ्यांमध्ये दिलीप कुमार होते, म्हणून त्यांच्या घरापुढे निदर्शनं झाली. तोडफोड करणारे मुसलमान नव्हते. हे मी कुणाला टोमणा मारायला सांगत नाही. पण ‘मुसलमान मुलींचं हे असं’ म्हणून बोट दाखवणाऱ्यांनीही ते लक्षात ठेवावं. आमच्या मुलीचं दुःख आम्हाला मागास ठरवायला कुणी वापरू नये, आणि त्या भीतीपोटी आम्हीही ते दाबून टाकू नये.

गेल्या जूनमध्ये या मुलीने मला फोन केला. आता तिची तिशी आली आहे, एका दुकानात हिशेब सांभाळते. पुण्यात बायकांची एक बैठक होती, मोर्चाच्या आसपासच्या दिवसांत. “टीचर, आप साथ चलो तो अम्मी जाने देगी.” फोन ठेवून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. मग हो म्हणाले. माझ्याकडून एवढं तरी देणं लागत होतं.

एका फ्लॅटचा हॉल होता. वीसेक बायका, चहा, केळीचे वेफर्स, खाली सतरंजी. दारातच एकीने सांगितलं की कुणाचाही फोटो काढायचा नाही, इथे ऐकलेलं नाव बाहेर घ्यायचं नाही. कुणी कविता वाचली. कुणी घरमालकाने खोली सोडायला लावली ते सांगितलं. श्रीरामपूरकडची एक मुलगी घरी ‘कॉम्प्युटरची परीक्षा आहे’ सांगून आली होती आणि सारखी घड्याळ बघत होती, कारण अंधार पडायच्या आत तिला बस गाठायची होती. मोर्चाला का जात नाहीस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “मॅडम, एक फोटो गावच्या ग्रुपवर गेला तर माझं शिक्षण संपलं.”

मला त्या हॉलमध्ये परकं वाटलं नाही, याचं मलाच नवल वाटलं. आपल्याकडे बायकांच्या वेगळ्या बैठकी नव्या आहेत का? मिलाद, इज्तेमा, मेहंदीची रात्र, सगळीकडे जनाना वेगळाच असतो. तिथे बायका जे बोलतात ते पुरुषांपर्यंत जात नाही. तो भरवसा आपल्याला ठाऊक आहे. तोच भरवसा मी त्या पोरीच्या बाबतीत मोडला होता.

आता दीनचा प्रश्न. मी आलिमा नाही. बहुतेक उलमा अशा संबंधांना गुनाह मानतात हे मला माहीत आहे आणि फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. पण ज्या गोष्टींवर वाद नाही त्या तरी आपण पाळतो का? निकाहला मुलीची रजामंदी लागते. खन्सा बिन्त खिदाम यांच्या वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध निकाह लावला होता, त्या तक्रार घेऊन गेल्या आणि रसूलुल्लाह (स.) यांनी तो निकाह रद्द केला, असं बुखारीत आहे. कुरआनमधल्या सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याची टेहळणी करायला आणि पाठीमागे निंदा करायला मनाई आहे. मुलीचा मोबाइल तपासणं, तिची गोष्ट मोहल्लाभर करणं, काझीसमोर रडत ‘कबूल’ म्हणायला लावणं, हे कोणत्या शरियतमध्ये बसतं? एका गुनाहच्या भीतीने आपण तीन जुलूम करतो आणि त्याला इज्जत म्हणतो.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण आया मला विचारतात, “पोलिसांत जाता येईल का?” 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून सज्ञान व्यक्तींच्या संमतीचे संबंध वगळले. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने समलैंगिक विवाहाला मान्यता दिली नाही. म्हणजे लग्न नाही, पण दोन सज्ञान बायकांनी एकत्र राहणं गुन्हाही नाही. केरळमधल्या आदिला नसरीन आणि फातिमा नूरा यांना घरच्यांनी वेगळं केलं, तेव्हा आदिला कोर्टात गेली आणि 31 मे 2022 रोजी केरळ उच्च न्यायालयाने दोघींना एकत्र राहायची मुभा दिली. दोघी मुसलमान घरांतल्या. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांसाठी सूचना दिल्या. न्यायाधीशांनी मुलीशी घरच्यांच्या गैरहजेरीत बोलावं, समुपदेशनाच्या नावाखाली तिला बदलायला बघू नये, असं त्यात आहे. आणि ज्यांना डॉक्टरकडून ‘इलाज’ करून घ्यायचा आहे त्यांच्यासाठी: असा इलाज करणं हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच कळवलं आहे.

मोर्चे नकोत, असं माझं म्हणणं नाही. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायका जबानी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा घेऊन गेल्या होत्या. दलवाईंशी माझे मतभेद आहेत, वाचकांपैकी अनेकांचे असतील. पण त्या सात जणी रस्त्यावर दिसल्या म्हणून घरात तलाक सोसणाऱ्या किती जणींना कळलं असेल की हे बोलता येतं. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयात रद्द ठरायला त्यानंतर 51 वर्षं लागली. रस्त्यावर चालणाऱ्या मोजक्याच असतात, त्यांच्यामुळे घरातलीला धीर येतो. पुण्यातल्या मोर्चाचा फोटो मोबाइलवर बघून नगरच्या एखाद्या मुलीला ‘मी एकटी नाही’ एवढं जरी कळलं, तरी मोर्चाचं काम झालं. मात्र तिने तिथे चालावं की नाही हे ती ठरवेल. मोर्चावाल्यांनी तिला भित्री म्हणू नये आणि आपण तिला ओढून चव्हाट्यावर आणू नये.

माझ्या शिक्षक बहिणींना, खासकरून उर्दू शाळांतल्या, एक विनंती आहे. तुमची एखादी जुनी विद्यार्थिनी अशी दारात आली तर आधी तिला बसवा. ‘हे आणखी कुणाला माहीत आहे?’ असं विचारा. ‘कुणाला सांगायचं नाही?’ हेही विचारा, आणि मग खरंच सांगू नका. रिश्ता आला असेल तर ‘एवढी घाई का, पोरीला शिकू द्या’ हे तिच्या घरच्यांना सांगण्याची पत तुमच्याकडे आहे. मोहल्ल्यात टीचरचा शब्द अजून पडत नाही. माझाही पडला नसता. मी तो चुकीच्या बाजूने टाकला.

परतीच्या बसमध्ये शिरूरच्या पुढे ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. नगरला उतरलो तेव्हा मगरिबची अजान होऊन गेली होती. तिची अम्मी दारातच उभी होती. मला म्हणाली, “टीचर, क्या था वहाँ?” मी म्हणाले, “औरतों की बैठक थी. अच्छी थी.” बाकी काय सांगायचं आणि कधी, ते तिचं ती ठरवेल.